साप, उंदीर, घोडा आणि आपण

जुलै महिना. तलासरीकडच्या एका पाड्यावरून सकाळी एका बाईला आमच्याकडे आणलं. आदल्या दिवशी आवणी करून दमलेली, जमिनीवरच झोपलेली. मध्यरात्रीनंतर पोटात दुखू लागलं. पहाटे एका ठिकाणी पोटाच्या गोळ्या देऊन तिला घरी पाठवलं होतं. आमच्याकडे आली तेव्हा गिळता येत नव्हतं, पापण्या मिटत होत्या. अंगावर दंशाची खूण कुठेच नाही.

पावसाळा, जमिनीवरची झोप आणि मिटणाऱ्या पापण्या. हे एकत्र दिसलं की आधी मण्यारीचा विचार करायचा. तिचे दात बारीक असतात. चावा बहुधा दुखत नाही, सूजही येत नाही. विषाने नसांची टोकं एकदा बिघडवली की औषधालाही ती लगेच दुरुस्त करता येत नाहीत, म्हणून प्रत्येक तास मोलाचा. सर्पविषावरची लस सुरू केली, तरी तिला कृत्रिम श्वासावर ठेवावं लागलं. चौथ्या दिवशी ती बोलली.

दरम्यान नवऱ्याने पिशवीतून एक ठेचलेला साप आणून दाखवला. घरामागे सापडला म्हणे. ती धामण होती. बिनविषारी, उंदीर खाणारी. मी तेव्हा नवखा होतो. मनात म्हटलं, चला, एक साप कमी झाला. माझं चुकलं होतं.

साप तुमच्या घरात तुमच्यासाठी येत नाही. शेतात पाणी भरलं की उंदीर बिळं सोडून भाताच्या कणगीकडे येतात. त्यांच्यामागे साप येतो. मण्यार तर उंदरांबरोबर दुसरे सापही खाते. अंधारात आपला हात तिच्यावर पडला, की ती चावते. आणि याच उंदरांच्या लघवीतून लेप्टोचे जंतू शेतातल्या पाण्यात उतरतात, पायाच्या भेगांतून आपल्या अंगात शिरतात. सप्टेंबरमध्ये तोच नवरा ताप, लाल डोळे आणि ठणकणाऱ्या पोटऱ्या घेऊन आला. तपासणीत लेप्टो निघाला. त्या एका धामणीला मारल्यामुळे हे झालं असं मी म्हणणार नाही, पाड्यावर उंदीर आधीही होतेच. पण साप संपवून आपण सुरक्षित होऊ, हा हिशेब त्या दिवसापासून मी सोडून दिला.

आता लसीविषयी. तमिळनाडूत इरुळा आदिवासींची साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था आहे, 1978 साली स्थापन झालेली. ते लोक साप पकडतात, विष काढतात आणि सापाला पुन्हा रानात सोडतात. ते विष अगदी थोड्या मात्रेत घोड्याला टोचतात, मात्रा हळूहळू वाढवतात. घोड्याच्या रक्तात विषाला अडवणारे घटक तयार होतात. ते वेगळे काढून, शुद्ध करून कुपीत भरतात. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालते. महाराष्ट्रात हाफकिन ती वर्षानुवर्षं बनवत आलं आहे. घोड्याची प्रथिनं आपल्या शरीराला परकी असतात, त्यामुळे काहींना अंगावर पित्त उठतं, क्वचित रक्तदाबही घसरतो. म्हणूनच ही लस रुग्णालयातच घ्यावी लागते.

आपलं शरीर कातडीपाशी संपतं असं आपण धरून चालतो. त्या बाईच्या नसांत मात्र मण्यारीचं विष होतं आणि ते अडवायला घोड्याचं रक्त धावून आलं होतं.

तेव्हा खाटेवर झोपा. खाट नसेल तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचा. धान्य झाकून, झोपायच्या जागेपासून लांब ठेवा. रात्री बाहेर पडताना बॅटरी घ्या. दंश झाला तर कापू नका, आवळून बांधू नका, भगताकडे वेळ घालवू नका. 108 ला फोन करा. साप मारून आणायची तर अजिबात गरज नाही, आम्ही लक्षणांवरून उपचार करतो.

घरी जाताना मी तिला घोड्याचं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “त्याला दुखलं असंल ना?” म्हटलं, सुई टोचली की दुखतंच. “एकच घोडा व्हता?” नाही, म्हटलं, बऱ्याच घोड्यांचं रक्त एकत्र करतात.

“किती?” तिने विचारलं. मला सांगता आलं नाही.