भांगापासून उधाणापर्यंत: किनाऱ्यावरच्या खेळांची दैनंदिनी

कार्तिक शुद्ध अष्टमी, जुहू

समुद्रकिनाऱ्यावरचे मैदान दिवसातून दोनदा उघडते आणि दोनदा बंद होते. मुंबईला एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटे जातात, त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. ती काढण्याचा कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब तोंडी करता येतो: तिथीच्या आकड्याची पाऊणपट. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती, ओहोटी दुपारी बाराला. पौर्णिमा-अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी असतेच. हिशेब फक्त घरातून निघण्यापूर्वी करावा लागतो.

सात जणांच्या चमूने तो केला नव्हता. दिवाळीच्या सुटीचे उरलेले आठ दिवस उपनगरांतल्या एकेका किनाऱ्यावर खेळायचे, एवढेच ठरले होते. मुलुंडचे दोघे, अंधेरीचे दोघे, बोरिवलीचे दोघे आणि घाटकोपरची एक. सगळे कॉलेजात एका वर्गातले, आणि तेव्हापासून एकमेकांना आडनावाऐवजी स्टेशनाच्या नावानेच हाक मारणारे. सांताक्रूझ स्थानकाबाहेर तीन रिक्षावाल्यांनी जुहूचे नाव ऐकून मान फिरवली, चौथा आला. किनाऱ्यावर पोहोचायला साडेपाच वाजले आणि पाणी वर आलेले होते.

अष्टमीच्या आसपास चंद्र आणि सूर्य यांची ओढ एकमेकींना काटकोनात असते. म्हणून भरती फार चढत नाही आणि ओहोटीही फार उतरत नाही. याला किनाऱ्यावर भांग म्हणतात. मुंबईला भांगाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक सरासरी दीड मीटरच्या आसपास राहतो, उधाणाला तो साडेतीन मीटरच्या पुढे जातो. त्यामुळे पाणी पार भिंतीला लागले नव्हते. पण खेळायला लागणारी ओली, घट्ट वाळू त्याखाली गेली होती आणि उरली होती ती वरची भुसभुशीत पट्टी, तीही फुगेवाले, चटया आणि फिरायला आलेली कुटुंबे यांनी भरलेली. भुसभुशीत वाळूत धावायला घट्ट जमिनीपेक्षा सुमारे १.६ पट ऊर्जा लागते, असे बेल्जियममधील संशोधकांनी १९९८ साली मोजून दाखवले. मुलुंडकरांपैकी थोरल्याने ते दोन धावांत सिद्ध केले.

क्रिकेट चार षटके चालले. दुसऱ्या षटकात चेंडू एका आजोबांच्या भेळेत पडला. त्यांनी तो काढला, चिंच-गुळाची चटणी रुमालाने निपटून पुसली, शिवणीवर अडकलेली शेव नखाने उकरली आणि मग चेंडू परत केला. नवीन भेळेचे पैसे घ्यायला ते तयार झाले नाहीत. "खेळा रे, पण तिकडे तोंड करून," एवढेच म्हणाले.

पाण्याने जमीन हिसकावून घेणे जुहूला नवे नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाचे विमान घेऊन उतरले ते इथल्याच, किनाऱ्यालगतच्या धावपट्टीवर. पावसाळ्यात ती चिखलात बुडे आणि टपालसेवा तेवढ्या काळापुरती पुण्याला न्यावी लागे. चार षटकांत आटोपलेल्या चमूला यातून थोडा दिलासा मिळाला.

नवमी, जुहू

ओहोटी दुपारी एकच्या सुमारास. हिशेब केला होता, उन्हाचा केला नव्हता.

रिक्षा दोन, दोन्ही नकारांनंतर. पाण्याच्या बाटल्या नऊ. गोळे सात, पैकी कालाखट्टा पाच. टोप्या दोन (जागेवर विकत घेतलेल्या, उसवलेल्या). खेळ: फुटबॉल, २० मिनिटे. गोल म्हणजे चपलांचे ढीग. एक चप्पल गेली. मोज्यांत वाळू.

दशमी, वेसावे

घाटकोपर ते वर्सोवा ही मुंबईची पहिली मेट्रो. ८ जून २०१४ रोजी सुरू झाली, लांबी ११.४ किलोमीटर, स्थानके १२, शेवटपर्यंतचे तिकीट ४० रुपये. मुलुंडकर घाटकोपरला लोकलमधून उतरून तिथेच वर चढतात, त्यामुळे पूर्वेकडच्या उपनगरांना हा किनारा जुहूपेक्षा सोपा पडतो. वर्सोवा स्थानकापासून वाळूपर्यंत मात्र चालावे लागते, कारण एवढ्या जवळचे भाडे रिक्षाला नको असते. (नकार: चार.)

गावाचे नाव वेसावे. मेट्रोने आणि पाट्यांनी वर्सोवा केले तरी कोळीवाड्यात आणि लग्नपत्रिकांत वेसावेच आहे. इथली वाळू काही वर्षांपूर्वी दिसतच नव्हती. ऑक्टोबर २०१५ पासून वकील अफरोझ शाह यांच्या पुढाकाराने दर आठवड्याला लोक कचरा उचलू लागले, आणि मार्च २०१८ मध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले याच वाळूतून समुद्राकडे गेली. समुद्र अजून कचरा आणून टाकतोच. स्टंप रोवायला वाळू उकरली तर वीतभर खाली दुधाच्या पिशवीचा कोपरा लागला. तो ओढल्यावर पिशवी संपेना. ती मच्छीमारी जाळ्याच्या तुकड्यात गुंतलेली होती आणि जाळे आणखी कशात तरी. शेवटी स्टंप दोन हात बाजूला सरकवले.

ओहोटी पावणेदोनला, तरी पट्टी अरुंद. किनाऱ्याच्या वरच्या अंगाला बांबूंच्या चौकटीवर दोऱ्या ताणून बोंबील वाळत घातले होते. दोन बोंबलांची तोंडे एकमेकांच्या जबड्यात अडकवायची आणि जोडी दोरीवर टाकायची, एक शेपटी इकडे, एक तिकडे. चिमटा नाही, गाठ नाही. हे काम करणारी साठीपुढची एक कोळीण दर वेळी चेंडू दोरीखाली गेला की हात न थांबवता पायाने तो परत ढकलत होती. घाटकोपरकर तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. मावशींनी तिला जोडी अडकवायला दिली. पहिल्या तीन जोड्या सुटून वाळूत पडल्या. चौथी टिकली. पडलेले सहा बोंबील मावशींनी बादलीत खळबळून पुन्हा दोरीवर घातले, काही न बोलता. हेच सगळ्यांत जास्त लागले.

खेळायला जागा का मिळत नाही, असे विचारल्यावर त्यांनी सांगितले की आज दशमी, भांग अजून पुरता सरला नाही, पुनवेला या. चमूला आठवडाभरात मिळालेली सर्वांत उपयोगी माहिती ती हीच.

एकादशी, आक्सा

कार्तिकी एकादशी. मुलुंडकर दोघे आणि बोरिवलीकरांतला एक उपाशी, म्हणजे साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचा लाडू, केळी चार आणि राजगिऱ्याची वडी. ज्यांना उपास नव्हता त्यांनीही खिचडीच संपवली.

वेसाव्याच्या धक्क्यावरून मढला होडी जाते. खाडी ओलांडायला काही मिनिटे लागतात, रस्त्याने मात्र मालाड-मार्वेवरून मोठा वळसा. होडीत माणसांबरोबर स्कूटर, भाजीच्या पाट्या आणि एक लाकडी कपाट. मढहून पुढे रिक्षा.

आक्साची वाळू रुंद, सपाट आणि खेळायला उत्तम, पण पाणी धोक्याचे. लाटांनी आत लोटलेले पाणी परत जाताना वाळूच्या दोन बांधांमधल्या घळीतून एकवटून वेगाने बाहेर पडते. वरून पाहिले तर त्या जागी लाटा फुटत नाहीत आणि पाणी शांत वाटते. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. ओढ लागलीच तर किनाऱ्याच्या दिशेने झगडण्यापेक्षा किनाऱ्याला समांतर पोहत घळीबाहेर पडणे हा उपाय. त्यामुळे इथे किनाऱ्याच्या खेळांचा नेहमीचा नियम उलटा लावावा लागला. एरवी चेंडू पाण्यात मारला तर फलंदाज बाद आणि चेंडू त्यानेच आणायचा. आक्साला पाण्यात गेलेला चेंडू कोणीच आणायचा नाही, असे ठरले. जीवरक्षकाच्या शिटीने तीनदा आठवणही करून दिली. दोन चेंडू गेले. एक लाटेने परत दिला.

परतीच्या होडीला गर्दी, ४० मिनिटे रांग. रिक्षांबद्दल तेच.

द्वादशी

खेळ नाही. तिघांच्या घरी तुळशीचे लग्न. ऊस, बोरे, आवळे. अंधेरीकरांचा धाकटा घरात बसून चेंडूवर टेप गुंडाळत होता.

त्रयोदशी, गोराई

बोरिवली पश्चिमेच्या गोराई खाडीवरून होडी. पलीकडे तिवरांच्या वर ग्लोबल विपश्यना पॅगोड्याचा सोनेरी घुमट दिसतो. २००९ साली त्याचे उद्घाटन झाले तेव्हापासून खाडीवरच्या प्रवाशांना दिशा सांगायला दुसरे काही लागत नाही. धक्क्यापासून गावातून किनाऱ्यापर्यंतचा रस्ता क्रूस, नारळी आणि अंगणात वाळत टाकलेल्या मासळीच्या कडेने जातो.

ओहोटी चारला आणि भांग सरलेला, त्यामुळे आठवड्यात पहिल्यांदाच मैदानासारखे मैदान. ओली वाळू घट्ट का असते, हे इथे पायाला कळते. दाण्यांमधला पाण्याचा पातळ थर त्यांना एकमेकांकडे ओढून धरतो. पाणी कमी झाले की दाणे सुटतात, जास्त झाले की रबरबीत होतात. खेळायची जागा या दोन्हींच्या मधली पट्टी. टाच मारली तर खळगा न पडता भोवती क्षणभर फिकट वर्तुळ उमटते, तिथे यष्टी रोवाव्यात.

पण गोराईला कबड्डी झाली. किनाऱ्यावरच्या कबड्डीत एका बाजूला चार खेळाडू असतात आणि बाद होऊन बाहेर बसणे नसते, फक्त गुण मोजले जातात. २००८ साली बालीत झालेल्या पहिल्या आशियाई बीच क्रीडास्पर्धेत भारताच्या पुरुषांनी या प्रकारात सुवर्णपदक मिळवले. गोराईच्या सामन्यात एका बाजूला तीन होते आणि सातवी, घाटकोपरकर, पंच. ती म्हणेल तो गुण. बोरिवलीकरांनी दोनदा हरकत घेतली. "मघाशी मला धरलंत तेव्हा दम माझा सुटला होता की तुमचा?" यावर तिने दोघांचाही गुण कापला.

जेवण गावातल्या एका घरी, सकाळी सांगून ठेवलेले. चातुर्मास एकादशीला संपल्यामुळे मुलुंडकरांना चार महिन्यांनी मासे खुले झाले होते. तांदळाची भाकरी, कोळंबीचे कालवण, तळलेले बोंबील. कालवणात ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांचा बाटली मसाला. उन्हाळ्यात मिरच्या नि गरम मसाले भाजून, कुटून, रंगीत बाटल्यांत दाबून भरतात, वर्षभर पुरवतात. बोंबील बाहेरून कुरकुरीत आणि आत जवळपास पाणीच. काटा मऊ, तोही खाल्ला जातो. थोरल्या मुलुंडकराने अकरा खाल्ले. बाराव्याच्या वेळी ताट पुढे केले आणि मग वाढणाऱ्या बाईंकडे न पाहता मागे घेतले. त्यांनी तरी दोन वाढले. घाटकोपरकरला वरण-भात आणि बटाट्याची काचरी. पैसे सगळ्यांना सारखेच, हे तिने होडीत बसल्यावर काढले आणि अंधेरी येईपर्यंत सोडले नाही.

चतुर्दशी, जुहू

ओहोटी पावणेपाच. लगोरी दोन डाव, लंगडी एक. भेळ सात. अंधार सहालाच. उद्या पहाटे.

पौर्णिमा, जुहू

पौर्णिमेला चंद्र आणि सूर्य एका रेषेत येतात, दोघांची ओढ जुळते आणि उधाण होते. सर्वांत मोठे उधाण प्रत्यक्षात एक-दोन दिवस मागून येते, पण खेळासाठी पौर्णिमेची सोय निराळी आहे. ओहोटी पहाटे पाचच्या आणि पुन्हा संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास पडते. म्हणजे महिन्यातून दोनदाच, अमावस्येच्या आणि पौर्णिमेच्या आसपास, मैदान थंड वेळी उघडे मिळते.

साडेसहाला पाणी इतके लांब होते की बोरिवलीकरांनी ते खरेच आहे का, हे चालत जाऊन पाहिले. उजेडायच्या आत तिथे इतर चमू आलेले होते. एका ठिकाणी पाच-पाच जण फ्रिसबी खेळत होते, पंचाशिवाय, चुकीचा निवाडा आपापसांत करत. त्यापलीकडे व्हॉलीबॉल. किनाऱ्यावरच्या व्हॉलीबॉलचे मैदान १६ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद, एका बाजूला दोघे, जाळी पुरुषांना २.४३ आणि महिलांना २.२४ मीटर. १९९६ साली अटलांटापासून तो ऑलिंपिकमध्ये आहे. जुहूच्या जाळीखाली एका बाजूला सहा काका आणि दुसऱ्या बाजूला सात. सातवा जास्त का, याचा वाद जुना दिसत होता.

सात जणांत क्रिकेट खेळायचे तर तीन-तीन आणि एक कॉमन, जो दोन्ही बाजूंनी फलंदाजी करतो. नियम: हाताखालून गोलंदाजी, एक टप्पा एक हात झेल म्हणजे बाद, शेवटचा गडी एकटा खेळेल. ओल्या वाळूवर टेनिसचा चेंडू उसळत नाही, घसरत येतो. कोरडा ५६ ते ५९ ग्रॅमचा चेंडू दोन-चारदा पाण्यात गेला की लोकर पाणी पिते आणि मारताना मनगटाला जड लागतो. टेपचा थर इथे कामाला आला.

ओहोटीनंतर पाणी सारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांचे बारा हिस्से धरले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन. पहिला डाव सातला सुरू झाला तेव्हा पाणी दूर होते. साडेसातला खेळपट्टी पहिल्यांदा हलवली, पावणेआठला दुसऱ्यांदा. आठनंतर प्रत्येक षटकाला यष्टी उचलून मागे न्याव्या लागल्या आणि त्या नेताना झालेल्या धावा धरायच्या की नाही, यावर सहा मिनिटे गेली.

अंधेरीकरांच्या बाजूला जिंकायला पाच हव्या होत्या आणि कॉमन म्हणून घाटकोपरकर खेळत होती. तिने मारलेला चेंडू पाण्याकडे गेला. नियमाने बाद. पण चेंडू पाण्यापर्यंत पोहोचायच्या आत लाट त्याच्यापर्यंत आली आणि त्याला उचलून यष्टींवर आणून सोडले. बोरिवलीकर म्हणाले पाण्यात गेला, मुलुंडकर म्हणाले पाणी आले. निवाडा होईपर्यंत यष्टी आडव्या झाल्या होत्या.

चहा सात, खारी चौदा. चेंडू एक शिल्लक.