एकच पिन गरम

मधुमेहामुळे माझ्या बोटांना प्लगची ऊब कळेनाशी झाली आहे. सॉकेट तपासायला इस्तरी अर्धा तास चालवायची, बटण बंद करून प्लग उपसायचा आणि पिनांना बोटाची मागची बाजू लावायची, हे काम आता भाचा करतो.

परवा झाशीच्या नेवाळकर घराण्याच्या काळातल्या एका घरात तो म्हणाला, "मामा, एकच पिन गरम आहे." दोन्ही पिनांतून करंट सारखाच जातो. दोन्ही तापल्या तर बहुधा दोष लोडचा. एकच तापली तर त्या बाजूचा स्क्रू सैल किंवा सॉकेटातली पत्ती ढिली. माझ्याआधी त्याला उमगलं आणि माझ्या पोटात दुखलं. झाशीत माझ्यासारखं बोट कुणाचं नाही, हे लोकांकडून ऐकायला मला फार आवडायचं.

सैल जोडाने मला आयुष्यभर छळलं आहे. जास्त करंट गेला की पडणाऱ्या एमसीबीला तो दिसतच नाही. 1500 वॉटचा पाणी तापवायचा रॉड साडेसहा अँपियर घेतो. 6 अँपियरच्या सॉकेटात तो रोज सकाळी खुपसला की पितळ काळं पडतं, पत्ती आणखी ढिली होते, ढिली झाली की आणखी तापते. आणि 16 चा एमसीबी गप्प. महागडी तार आणायची, मग जोडाला दोन पीळ देऊन टेप गुंडाळायची, असल्या कामाची मला चीड आहे.

त्यात आमचा मे महिना. साध्या पीव्हीसी तारेचं आवरण 70 अंशांपर्यंत टिकतं. खोली 30 अंशांवर असेल तर तारेला तापायला 40 अंशांची मोकळीक असते. झाशीत 45 झाले की उरतात 25. तीच तार इथे पाचव्या हिश्श्याने कमी करंट पेलते. नेमका तेव्हाच दीड टनाचा एसी सात-आठ अँपियर ओढत असतो, त्याच लाइनवर फ्रिज आणि कूलर. एमसीबी पडतो. मग कुणीतरी वायरमन येतो, 16 चा काढून 32 चा बसवतो आणि घरमालक खूश होतो. तार मात्र जुनीच, दीड चौरस मिलिमीटरची. याला मी दुरुस्ती म्हणत नाही, हा गुन्हा आहे.

एसी घेणार असाल तर आधी मेन बोर्डापासून त्याच्यासाठी चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वेगळी तार ओढून घ्या. आणि वायरमन स्क्रू आवळत असताना शेजारी उभे राहा.