अकरा किलोंचा बेत

सायकलवर काय काय बांधता येते, हे जवळा बाजारच्या माणसाला शिकवावे लागत नाही. कडब्याच्या पेंढ्या, दुधाच्या किटल्या, खताची गोणी, बाजाराच्या दिवशी एखादे करडूसुद्धा या वाहनावरून जाताना मी पाहिले आहे. तंबू मात्र पाहिला नव्हता. तो मान यंदाच्या कार्तिकात माझ्या आणि माझ्या पुतण्याच्या सायकलींना मिळायचा आहे.

पुतण्याला पुण्यात नोकरी लागली आहे. मार्गशीर्ष लागला की तो जाणार. "काका, त्याआधी आपला जिल्हा तरी पाहू," म्हणाला. हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. म्हणजे जिल्हा पुतण्याहून जेमतेम तीन वर्षांनी वडील!

बेत साधा आहे. पहिला मुक्काम औंढा नागनाथ, दुसरा हिंगोलीवरून नर्सी, तिसरा परतताना पुन्हा औंढा. पहिली मजल मुद्दाम वीसेक किलोमीटरचीच ठेवली. काही विसरले, काही मोडले, तर सकाळी घर गाठता येते. औंढा तीर्थाचे गाव, तिथे उतरायची सोय होते. तंबू ठोकायचा तो नर्सीच्या रात्रीच.

हे सांगितले तेव्हा वहिनी काही बोलल्या नाहीत. दादा जाऊन सहा वर्षे झाली. पोर एकुलते एक. त्या बोलल्या नाहीत, पण पिशव्या भरू लागल्या. वाकळ आली, घोंगडी आली, स्टो आला, दोन टॉर्च, तांब्या, कुत्र्यांसाठी काठी, शिवाय चार दिवसांच्या दशम्या. हळद आणि सोयाबीन तोलणाऱ्या आडतीच्या काट्यावर पुतण्याच्या पिशव्या ठेवल्या, तेव्हा एकवीस किलो भरल्या. शेजारी चहा पीत बसलेला हमाल म्हणाला, "मास्तर, एखादा टेम्पो सांगा की!"

सायकलवरच्या हलक्या बिऱ्हाडाची कल्पना रुजवली ती टॉमस होल्डिंग नावाच्या लंडनच्या एका शिंप्याने. लहानपणी, १८५३ साली, तो घरच्यांबरोबर बैलगाड्यांच्या तांड्यातून अमेरिकेची माळराने हिंडला होता. पुढे सायकलवर मावेल असा तंबू घेऊन तो आयर्लंडात फिरला, १८९८ साली त्यावर पुस्तक लिहिले आणि १९०१ साली अशा भटक्यांची संघटनाही उभी केली. आम्ही ज्या नर्सीला निघालो आहोत, ती नामदेवांची, तेही शिंपीच. आणि तेही नर्सीपासून पार पंजाबातल्या घुमानपर्यंत फिरले. कापड कुठे कापावे हे कळणाऱ्याला ओझे कुठे कापावे हेही कळत असावे.

आपल्याकडची गोष्ट म्हणून मी वहिनींना सांगितले, की १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईहून काही पारशी तरुण सायकलवर निघाले आणि त्यांतले तिघे पृथ्वीप्रदक्षिणा करून १९२८ च्या मार्चमध्ये परतले. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, म्हणजे त्यांच्या आया साडेचार वर्षं झोपल्या नसतील."

यावर काय बोलणार? पण त्या वाक्याने मला नियोजनाचे मर्म कळले. त्या पिशव्यांत सामान नव्हतेच, काळजी होती. मग एकेका वस्तूला एकेक उत्तर शोधायला बसलो. अंधार पडल्यावर सायकल चालवायची नाही. तरीही मागे लाल दिवा आणि डोक्यावर हेल्मेट. दुसरा टॉर्च निघाला. रोज रात्री आठला फोन. तंबू विचारल्याशिवाय ठोकायचा नाही. गावात पोलीस पाटलाला किंवा शेताच्या मालकाला आधी भेटायचे. काठी निघाली. सोयाबीन निघून रान मोकळे झालेले असते खरे, पण धसकटे तंबूचा तळ फाडतात, म्हणून जागा गवताची पाहायची. नर्सीला कयाधूच्या अगदी काठी झोपायचे नाही. रात्री थंड हवा सखल भागात उतरते आणि दवही फार पडते. थोडे उंचावर, झाडाच्या आडोशाला राहिले की एक वाकळ पुरते. घोंगडी निघाली. जेवण वाटेवरच्या खाणावळीत, स्टोही निघाला. बाभळीच्या काट्यांसाठी पंक्चरचे सामान, जादा ट्यूब आणि पंप मात्र ठेवले. त्यांना दुसरे उत्तर नाही.

उरलेल्यातले जड सामान खाली, चाकाच्या आसाजवळ, दोन्ही बाजूंना सारखे बांधले. उंच बांधले की उतारावर सायकल डुलते. निघण्याआधी सगळे लादून हट्ट्याची बारव पाहून यायची. ती आमची रंगीत तालीम.

परवा पुन्हा काट्यावर गेलो. या वेळी वहिनीही आल्या. काटा अकरावर थांबला. त्यांनी आकडा नीट पाहिला, पुतण्याच्या सायकलचे दोन्ही ब्रेक स्वतः दाबून पाहिले आणि म्हणाल्या, "जा."

दशम्यांचे गाठोडे त्या निघायच्या दिवशी देणार आहेत. त्याचे वजन आम्ही धरलेले नाही.