बिबट्याची बदली

सरकारी खातं एखादं काम गुपचूप, एका रात्रीत आणि बिनबोभाट उरकतं, असं मानणारी माणसं आमच्या बोळिंजमध्ये पुष्कळ आहेत. मी बँकेत कारकून असल्यामुळे मला हा भाबडेपणा परवडत नाही. एक पंखा या टेबलावरून त्या टेबलावर न्यायचा तर तीन सह्या लागतात. अख्खा बिबट्या बिनव्हाउचरचा हलेल कसा?

पण २०२४ च्या मार्चअखेरीस वसईच्या किल्ल्यात बिबट्या दिसला आणि बोळिंजला वनखात्याचं गुपित कळलं. "आला कसला? आणून सोडला!" इति तळमजल्यावरचे काका. मध्यरात्री, दिवे मालवलेली जीप, मागे पिंजरा. पाहिली कुणी? त्यांच्या साडूच्या दूधवाल्यानं. अफवेला दूधवालाच लागतो. त्या वेळी दुसरं जागं कोण असतं? तुंगारेश्वरचं अभयारण्य आपल्याच तालुक्यात आहे, बिबट्याला चार पायही आहेत, हे सांगून उपयोग झाला नाही.

तशी अफवेला थोडी तारण मालमत्ता आहे, हे मान्य केलं पाहिजे. २००१ नंतर जुन्नरकडचे बिबटे पकडून लांबच्या जंगलांत सोडण्याचा सपाटाच लागला होता. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला, तेव्हा माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते ते १७ वर गेलेले निघाले! बदली कुणाला मानवते?

२००९ साली नगर जिल्ह्यात विहिरीत पडलेल्या एका वयस्क बिबट्याला गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलं. नाव 'आजोबा'. रस्ते, रूळ ओलांडत, वसईची खाडी पोहून स्वारी महिनाभरात बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात हजर. सव्वाशे किलोमीटर, आणि वाटेत कुणाच्या केसाला धक्का नाही. विरार गाडीत बसून बोरिवलीला उतरता येत नाही, हे त्याला कुणीतरी सांगितलं असावं. २०११ मध्ये महामार्गावर गाडीनं उडवून तो गेला. ती गाडी पाहिलेला दूधवाला मला अजून भेटलेला नाही.

किल्ल्यातला बिबट्या पिंजऱ्यात यायला तीन आठवड्यांवर लागले. तेवढ्यात आमच्या सोसायटीनं अर्ज लिहायला घेतला : 'सदर बिबट्यास पकडून अन्यत्र सोडण्यात यावे.' हस्ताक्षर बरं म्हणून लेखणी माझ्या हातात.

"अन्यत्र म्हणजे कुठे लिहू?"

"जव्हारकडे लिहा. नाहीतर मोखाडा," सेक्रेटरी म्हणाले.

"आणि रात्री न्या म्हणावं," काका म्हणाले, "दिवे मालवून. नाहीतर तिकडचे लोक उगाच बोंब मारतील."