बांगडी आणि कपॅसिटर



आमच्या सूनबाईच्या डाव्या मनगटावर एक तपकिरी डाग आहे. कोणी विचारलं की ती सांगते, पोळीचा चटका. तो पोळीचा नाही, गाडीतल्या गाण्यांचा आहे.

आम्ही ओझरचे. मुलगा रोज नारायणगावला दुकानात जातो-येतो. हौस म्हणून त्यानं डिकीत अ‍ॅम्प्लिफायर आणि मोठा वूफर बसवून घेतला. रात्री ढोलाचा ठेका पडला की हेडलाइट मिचमिचायचे. मग मित्रानं सांगितलं, 1 फॅरडचा कपॅसिटर लाव. थर्मासएवढं नळकांडं घरी आलं.

मी बी.कॉम. मला वीज कळत नाही, हिशेब कळतो. म्हणून मी असं समजून घेतलं: अल्टरनेटर ही रोजची कमाई, बॅटरी ही बँक आणि कपॅसिटर म्हणजे गल्ल्यातली रोकड. ठेक्याला क्षणभर मोठी उचल लागते, ती गल्ल्यातून मिळते. कमाईच तोकडी असेल तर मात्र गल्ला काय करणार!

गोम अशी की गाडी बंद केली तरी हा गल्ला भरलेलाच राहतो. जागा बदलायची म्हणून मुलानं वायरी सोडवल्या आणि नळकांडं तसंच डिकीत ठेवलं. सूनबाई भाजीच्या पिशव्यांना जागा करत होती. तिनं ते वरून धरून उचललं आणि सोन्याची बांगडी दोन्ही स्क्रूंना एकदम टेकली. फट्‌कन ठिणगी उडाली, पोर किंचाळली. 12 व्होल्टचा कोरड्या हाताला शॉक बसत नाही, पण धातू मध्ये आला की सगळा साठा एका क्षणात सुटतो आणि भाजतो. मी नंतर कागदावर मांडलं, 72 ज्यूल होतात. मुलाला मी त्या दिवशी जे बोलले ते इथे लिहीत नाही.

पुढच्या रविवारी ते परत बसवलं, माझ्या देखरेखीखाली. आमचं जेवण सूर्यास्ताआधी, म्हणून दुपारी तीनलाच सुरुवात केली. बांगड्या, अंगठ्या, घड्याळं आधी ताटलीत. किल्ली काढली, बॅटरीची मायनसची वायर सोडवली. प्लसच्या वायरीवर बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत फ्यूज आहे ना, ते मी स्वतः पाहिलं. तो नसेल आणि वायर पुढे कुठे पत्र्याला घासली, तर गाडी पेटू शकते. मग फ्यूज काढून ठेवला. कपॅसिटर अ‍ॅम्प्लिफायरच्या अगदी शेजारी पट्टीनं घट्ट आवळला. प्लसला प्लस, मायनस गाडीच्या पत्र्याला. इथे उलटसुलट झालं तर नळकांडं फुटतं, म्हणून मी दोनदा वाचून घेतलं.

आता रिकाम्या कपॅसिटरला एकदम बॅटरी जोडली तर तो हावऱ्यासारखा ओढतो. पहिल्या वेळी फ्यूज उडाला होता तो यानंच. म्हणून अ‍ॅम्प्लिफायर चालू करणारी बारीक वायर सुटी ठेवली, बॅटरीची मायनस परत लावली आणि फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा 12 व्होल्टचा बल्ब जोडला. बल्ब झगझगीत लागला, मग मंद होत होत विझला. विझला म्हणजे गल्ला भरला. मीटर लावून बॅटरीइतकेच व्होल्ट आले ते पाहिलं, मगच फ्यूज घातला. काढताना हेच उलटं: आधी फ्यूज काढायचा, मग बल्ब कपॅसिटरच्याच दोन टोकांना लावून तो विझेपर्यंत थांबायचं. स्क्रूड्रायव्हर टेकवून रिकामा करायचा नाही, मेकॅनिकची पोरं करतात तसा.

एवढं करून दिवे थोडे मिचमिचतच होते. शोधलं तर मायनसचा स्क्रू रंगावरच आवळलेला. मुलानं फ्यूज काढला, पॉलिश पेपरनं पत्रा उघडा केला, स्क्रू परत आवळला. मग थांबलं. मला विचाराल तर आधी हेच बघायला हवं होतं, नळकांड्याचे पैसे कदाचित वाचले असते.

बांगडीवर दोन बारीक खड्डे पडलेत. सोनार घासून द्यायला तयार होता, पण सूनबाई म्हणाली, "राहू द्या आई, ह्यांना दिसत राहील."