पावाची लादी

मालवणच्या धक्क्यावरून होडी सुटायच्या आधी होडीवाल्या काकांनी लेकीच्या हातातली पावाची लादी मागून घेतली आणि इंजिनाशेजारच्या डब्यात ठेवून दिली. "परतताना चायवांगडा खाऊया," म्हणाले. लेक हिरमुसली. पाव टाकल्याशिवाय मासे येतच नाहीत, असं तिला मीच सांगितलं होतं.

पाच वर्षांपूर्वी याच सिंधुदुर्ग किल्ल्यामागे मी स्नॉर्केलिंग केलं होतं. तेव्हाच्या होडीवाल्याने प्रत्येकाच्या मुठीत पावाचा तुकडा दिला. पाण्यात मूठ उघडली, तशी काळ्या उभ्या पट्ट्यांच्या पिवळसर माशांची झुंबड बोटांवर तुटून पडली. फोटो सुरेख आले. त्या झुंबडीपलीकडे मी काहीच पाहिलं नाही.

या खेपेला दिवस काकांनीच ठरवून दिला होता. फेब्रुवारीअखेरची अष्टमी. भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची भरती असली की पाणी फार ढवळत नाही आणि तळ दिसतो. उधाणाला याल तर गढूळच गढूळ. काकांचं निम्मं आयुष्य रापणीच्या मासेमारीत गेलेलं, पाण्याचं त्यांना न बघताही कळतं.

1664 साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याचं काम सुरू केलं. त्याच्या आसपासचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, 29 चौरस किलोमीटरचं. तटाला वळसा घालून गेल्यावर काकांनी इंजिन बंद केलं, वाकून तळ न्याहाळला आणि वाळूचा पट्टा सापडल्यावरच नांगर सोडला. खडकावर घुमटासारखं वाढणारं प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतं. नांगराच्या एका फटक्यात माणसाच्या वयाएवढी वाढ मोडून पडते.

मास्कच्या काचेला आतून थुंकी चोळून विसळली, म्हणजे वाफ धरत नाही. "तोंडान श्वास घेवा, नाकान नाय. आणि पाय खाली टेकू नका," काकांनी बजावलं. पहिलं मिनिटभर छाती नुसती धडधडत होती. मग रिंगला धरून पालथी तरंगत राहिले. खाली प्रवाळ, शेवाळ, समुद्री काकड्या. मासे तुरळकच. लेक नळी काढून म्हणाली, "आई, काहीच नाहीये गं!" मी तिला खुणेनं थांबायला सांगितलं.

दहाएक मिनिटांनी डोळा स्थिरावला. कुरकुर, कुरकुर असा आवाज येत होता: पोपटमासा चोचीसारख्या दातांनी खडक खरवडत होता. त्याने गिळलेल्या प्रवाळाची पुढे पांढरी वाळू होऊन बाहेर पडते. आणि त्याच खडकाच्या उभ्या अंगावर तळहाताएवढा जांभळट डाग दिसला. जवळून पाहिलं तर मोहरीहून बारीक अंडी, हजारोंनी चिकटलेली. समोर तोच पट्ट्यांचा मासा, पण रंगाने निळसर काळवंडलेला. हा नर. पिल्लं बाहेर पडेपर्यंत अंडी राखायचं काम याचं. कल्ल्यामागच्या परांनी तो अंड्यांवर पाणी वारत होता, आणि मी जरा पुढे सरकले तर थेट माझ्या काचेवर धावून आला. बोटभर लांबीचा जीव! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मास्कमध्ये ते पुसायचीही सोय नाही.

तेवढ्यात दुसरी होडी आली. पाण्यात पाव पडायला लागला. सगळीकडून मासे वर उसळले, आणि हा नरही दोन हात वर गेला. क्षणभरच. तेवढ्यात आजूबाजूचे छोटे मासे त्या डागावर तुटून पडले. तो परतला, एकेकाला हुसकलं, पण डागाचा एक कोपरा उघडा पडला होता, खाली नुसता दगड. पाच वर्षांपूर्वी माझ्या मुठीभोवती जमलेल्यांपैकी कितीजण असं मागे टाकून आले असतील?

मी वर येऊन काकांना सांगितलं. ते होडीत उभे राहिले आणि ओरडले, "रे, पाव टाकू नको! हय अंडी असत!" पलीकडचा पोरगा दचकला, त्याने पिशवीची गाठ मारली.

लेकीने माझा हात ओढला. "आई, दाखव ना कुठे ते." आम्ही दोघींनी पुन्हा तोंड पाण्यात घातलं. तो उरलेल्या अंड्यांवर पाणी वारत होता.