गोल म्हणजे किती गोल?

गेली बरीच वर्षं मी डेट्रॉइटजवळ मोटारींचे भाग डिझाइन करतो. आमच्या कॅडमध्ये वर्तुळ म्हणजे वर्तुळच. कितीही जवळ जा, गोलच. पण त्याच भागाचं चकचकीत चित्र, म्हणजे रेंडरिंग, हवं असेल तर बहुधा त्याचे त्रिकोण पाडावे लागतात.

किती पाडायचे? ५० मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाला ३२ बाजू दिल्या, तर कड साधारण पाव मिलिमीटर आत येते. ६४ दिल्या की फरक चौथाईवर येतो, पण कॉम्प्युटर धापा टाकतो. म्हणून सपाट जागी त्रिकोण थोडे, वळणावर जास्त. शेजारच्या दोन पृष्ठभागांना सामाईक कडेवर बिंदू तेच द्यायचे, नाहीतर फटी दिसतात. मग आंरी गुरो यांच्या १९७१ च्या पद्धतीनं कोपऱ्यांवरच्या छटा एकमेकींत मिसळल्या की पैलू लपतात. बाह्यरेषेवर मात्र कोपरे दिसतातच.

आमची लेक ॲनिमेशनवाली. ती म्हणते, "बाबा, गोल दिसतंय ना? मग झालं!" तिच्या कामापुरतं खरंच आहे ते. पण त्रिकोणांवरून मूळ वक्र परत मिळवणं महाकर्मकठीण, म्हणून मूळ फाइल आम्ही कधी पुसत नाही.

आईच्या गोष्टी नातवाला इंग्रजीतून सांगताना मी असेच त्रिकोण पाडतो. त्याला कोल्हा दिसतो, रानही दिसतं. आईचं "बरं का रे बाळा" तेवढं गळतं. आई आता नव्वदीची आहे. गेल्या उन्हाळ्यात साताऱ्याला जाऊन तिच्या आवाजात गोष्टी रेकॉर्ड करून आणल्या. मंडळी, तुमच्याही घरी कुणी असेल, तर पुढच्या भारतवारीत एवढं काम उरकाच.